प्रक्षेपण आणि प्रतिसाद : ख्रिस्ती प्रसारणाचा एक पैलू

बंगळूरच्या हेब्बाळ भागातील बाप्टिस्ट रुग्णालय १९७३ पासून रुग्णसेवेबरोबर खेड्यापाड्यांतील आरोग्यकार्यही करीत आले आहे. ख्रिस्ती वाहिन्यांच्या लोकसंपर्काचा विचार अशा सेवेशेजारी ठेवूनच करावा लागतो. रुग्णालयात समोरचा माणूस बोलतो. पडद्यापुढे तो केवळ ऐकतो.

मराठीत हा प्रश्न जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) छापले गेले, तरी त्याचे जीवन श्रवणात होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही भजन-कीर्तनाची वाट धरली. दोन्ही ठिकाणी श्रोता समोर बसलेला असे. नभोवाणीने त्याला दूर नेले. देशातील नभोवाणी सरकारच्या हाती असल्याने ‘फेबा’ संस्थेने १९७० पासून थेट सेशेल्स बेटांवरून लघुलहरींवर भारतीय भाषांत प्रक्षेपण केले; ते २००३ मध्ये थांबले. श्रोत्यांची पत्रे हाच तेथे समोरासमोरच्या भेटीला पर्याय होता, आणि तो अगदीच दुबळा नव्हता.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. केबल नियमावलीत मात्र एक सूक्ष्म भेद आढळतो. धार्मिक कार्यक्रमास मनाई नाही, अन्य धर्मांवर आघात करण्यास आहे; उलट जिचा मुख्य हेतू धार्मिक आहे अशी जाहिरात सरसकट निषिद्ध ठरते. मग एखादी संस्था वाहिनीवरील अर्धा तास विकत घेऊन प्रवचन दाखविते, तेव्हा त्यास कार्यक्रम म्हणावे की जाहिरात?