आवाज वाढवून बोल कळत नाहीत

वारूळवाडीच्या कोणत्याही आळीतून रविवारी संध्याकाळी चालत गेलात, तर एखाद्या घरातला सिनेमा थेट रस्त्यावर ऐकू येतो. आत बहुधा कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ टीव्हीसमोर बसलेले असतात. सुनेचे डोके दुखत असते, नातवंडे कानांवर हात ठेवतात, आणि एवढे होऊनही आजोबा विचारतात, ‘काय म्हणाला रे तो?’ एकदोनदा कोणी सांगते. तिसऱ्यांदा उत्तर मिळते, ‘काही नाही, तुम्ही बघा.’ या ‘काही नाही’पाशी माणूस भरल्या घरात एकटा पडतो. पुढे तो विचारणेच सोडून देतो.

कामगार संघटनेच्या कामात आम्ही अशी पुष्कळ घरे पाहिली. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे थोडेफार कळले ते पुस्तके वाचून, बिघडलेले स्पीकर उघडून आणि जाणत्यांना विचारून. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की उमगली. आवाज मोठा असणे आणि बोल स्पष्ट असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या मागे लागून आपण दुसरी गमावतो.

आपल्या भागाला हे परके नाही. शेजारचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचे गाव. वगातला संवाद चालू असतो तेव्हा ढोलकी गप्प असते. वाक्य पुरे झाले की मगच थाप पडते. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर वाद्याने वाट दिली पाहिजे, हे ढोलकीवाला जाणतो. दुसरा दाखला खोडदचा. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी टिपतात. ही जागा निवडण्यामागे एक कारण असे होते की, येथे माणसाने निर्माण केलेला रेडिओ-गोंगाट कमी होता. तमासगीर आणि शास्त्रज्ञ यांचा धडा एकच आहे: हवे ते वाढवण्यापूर्वी नको ते कमी करावे.

आता बोलण्याकडे पाहू. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. त्यांची बरीचशी शक्ती सेकंदाला 1000 कंपनांच्या खाली असते. उलट स, श, च, त, फ ही व्यंजने क्षीण आणि बारीक. त्यांची ओळख मुख्यतः 2000 कंपनांच्या वर पटते. ‘साप’, ‘शाप’, ‘ताप’, ‘चाप’ हे शब्द घ्या. चारही शब्दांत ‘आप’ सारखाच आहे, भेद काय तो पहिल्या व्यंजनाचा. ते हरवले की साप निघाला की ताप आला, हे कळायला मार्ग उरत नाही.

नेमकी हीच व्यंजने म्हाताऱ्या आणि कामगाराच्या कानातून आधी जातात. कानाच्या आत शंखासारख्या नळीत सुमारे 15,000 सूक्ष्म केशपेशी असतात. बारीक ध्वनी टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयाबरोबर त्याच प्रथम झिजतात. यंत्रांच्या गोंगाटाचा पहिला घाव बहुधा 4000 कंपनांच्या आसपास पडतो. मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे म्हणणारा माणूस ढोंग करीत नसतो; तो आपल्या कानाचे अचूक वर्णन करीत असतो. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला, तरी मोठा आवाज निरोगी कानाइतकाच झोंबतो. टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर आणि ढोल-ताशे अंगावर येतात, व्यंजने मात्र मागेच राहतात.

त्यात भर घालतो तो घरातला स्पीकर. सपाट टीव्हीचे स्पीकर लहान असतात, आणि पुष्कळदा त्यांचे तोंड खाली किंवा भिंतीकडे असते. माळ्यावर पडलेली जुन्या स्टिरिओची लाकडी जोडी याहून पुष्कळ बरी. फक्त ती दुरुस्त हवी. स्पीकरची रचना साधी आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी कोन. विद्युत्प्रवाह बदलतो तसे वेटोळे मागेपुढे होते आणि कोन हवा हलवतो. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी 1925 साली मांडलेली ही घडण आजही चालू आहे.

दुरुस्तीपूर्वी यंत्राची पिन काढावी आणि ॲम्प्लिफायरच्या आत हात घालू नये. तेथील कंडेन्सर पिन काढल्यावरही काही वेळ विजेने भरलेले असतात. स्पीकरच्या तारा मोकळ्या करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘थप्’ असा आवाज आला तर वेटोळे शाबूत आहे. मीटर असल्यास 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद, सरळ आत दाबावा. घासल्याची खरखर आली तर वेटोळे चुंबकाला लागते आहे. ते काम कारागिराचे. कोनाभोवतीची फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. तेवढ्यासाठी स्पीकर भंगारात टाकू नये. कड वेगळी मिळते आणि चिकटवता येते.

बोलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, ट्विटर, आणि त्याच्या वाटेवरचा कंडेन्सर. हा कंडेन्सर वर्षानुवर्षांत सुकतो, ट्विटर मंद होतो, आणि ‘स’, ‘श’ नाहीसे होतात. ज्याचा कान आधीच ‘स’ गाळतो, त्याच्यापुढे ‘स’ गाळणारा स्पीकर ठेवणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्याच मापाचा, अधिक-उणे नसलेला नवा कंडेन्सर अगदी स्वस्त असतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात.

आणखी एक चूक घरोघरी आढळते. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या जोडलेल्या असतात. मग एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि नेमका मध्यावरचा ध्वनी, म्हणजे पात्रांचे बोलणे, पोकळ होते. लाल तार लाल जागी, काळी काळ्या जागी, एवढे पाहिले तरी फरक जाणवतो.

पण सिनेमाची स्वतःची अडचणही आहे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोल ऐकवले. पुढे कित्येक वर्षे संवाद, गाणे आणि वाद्ये एकाच वाटेने येत. आजच्या चित्रपटात बहुधा ध्वनीच्या पाच वाटा आणि धडधडाटासाठी सहावी असते. संवाद मुख्यतः मधल्या वाटेने, पडद्यामागच्या स्पीकरातून येतो. घरी हे सारे दोन स्पीकरांत कोंबले जाते आणि बोलण्यावर पार्श्वसंगीत चढते. येथे ढोलकी गप्प बसत नाही.

ती आपण गप्प करावी. टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडावे. संवाद उठावदार करणारी किंवा रात्रीसाठीची सोय असल्यास ती लावून पाहावी. बास कमी, ट्रेबल थोडा अधिक. स्पीकर कानाच्या उंचीवर, तोंड ऐकणाऱ्याकडे. उघड्या फरशीच्या, कोऱ्या भिंतींच्या खोलीत शब्द घुमतात. जाड पडदा, सतरंजी, गोधडी यांनी तो घुमारा शोषला जातो. आणि जवळ बसावे. अंतर निम्मे केले की स्पीकरातून थेट येणारा ध्वनी 6 डेसिबलने वाढतो. खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. पडद्याखालच्या अक्षरांची सोय असेल तर ती निःसंकोच लावावी. चष्मा लावणाऱ्याला कोणी हसत नाही. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांसाठीही अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत.

एवढ्यानेही कळत नसेल तर कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळच असतो. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कानाचे मशीन लागले तर ते तपासणीच्या आलेखाप्रमाणे जुळवलेले असावे. बाजारातले कोणतेही उचलून घातलेले मशीन पुन्हा ‘सगळेच मोठे’ करते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

शेवटी आमच्या पदरातले माप आम्हीच मोजतो. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदण्याजोगा रोग म्हणून होता. 2020 च्या संहितेतही तो आहे. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा चालत आली, आणि जगातले तज्ज्ञ 85 लाच सावध करतात. हा पाचाचा फरक लहान वाटतो, पण ध्वनीची शक्ती तेवढ्यात तिपटीहून अधिक होते. हे सारे छापील असताना आम्ही संघटनेच्या बैठकांत पगार, बोनस, कँटीन यांवर रात्री जागवल्या; कानाची बाब मागणीपत्रात कधी पहिल्या दहांत आली नाही. प्रेसखात्यातला गडी मोठ्याने बोलतो याचे आम्ही कौतुकच केले. तो मोठ्याने का बोलतो, हे विचारले नाही.

आता विचारले पाहिजे. नोकरीला लागताना आणि पुढे दरवर्षी कानाची तपासणी, तिची प्रत कामगाराच्या हातात, आणि यंत्रालाच आवरण, एवढी मागणी अवाजवी नाही. स्पीकरची कड पुन्हा चिकटवता येते, कंडेन्सर बदलता येतो. कानातली केशपेशी कोणत्याही गल्लीत मिळत नाही. आणि ज्यांची गेली आहे, त्यांनी ‘काय म्हणाला रे तो?’ असे विचारले, तर त्यांच्यासमोर तोंड करून, सावकाश, पुरे वाक्य सांगावे. ही दुरुस्ती आज रात्री, कोणत्याही हत्याराशिवाय करता येते.