रोपाचे खरे नाते पानात

उसाची नवी जात निघायला १२ ते १४ वर्षे लागतात. पाइनसारख्या वनवृक्षांत त्याहून जास्त. त्यातून पराग वाऱ्यावर. आई ठाऊक, बाप कळत नाही. म्हणून एका झाडाची सारी रोपे सावत्र भावंडेच धरत. आता पानातील डीएनए तपासून खरे नाते कळते. सख्ख्या भावंडांत कोणी कोणता वारसा घेतला तेही दिसते. मोजमाप झालेल्या झाडांशी ते ताडले, की लहान रोपाचाच अंदाज बांधता येतो. उसाच्या आर ५७० जातीचा सविस्तर जनुकीय नकाशाही २०२४ साली प्रसिद्ध झाला आहे. मात्र शेतातली नोंद चुकली, की प्रयोगशाळेचा अंदाजही फसतो. म्हणून आम्ही विनवतो: चाचणी प्लॉटातला ऊस वजन-उतारा घेतल्याशिवाय तोडू नका.