आधी विचारावे, मग चाखावे

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. पुढे बोरघाटाची चढण असते आणि गाडीला मागून रेटणारी इंजिने येथेच जोडली जातात. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हापासून कर्जतचा थांबा प्रवाशांच्या अंगवळणी पडला आहे. याच थांब्याने कर्जतच्या बटाटेवड्याला कीर्ती मिळवून दिली. गाडी थांबताच फलाटावर वड्यांचा दरवळ पसरतो, खिडक्यांतून हात बाहेर येतात. कंदमूळ वर्ज्य मानणारे एखादे कुटुंब मात्र त्याच वेळी आपला डबा उघडते. त्यात ठेपले, खाखरे, मेथीची सुकी पुरी असा घरचा फराळ असतो. वडा बटाट्याचा आणि सोबतची चटणी लसणाची असल्याने तो प्रश्न त्या कुटुंबापुरता केव्हाच सुटलेला असतो.

प्रसिद्ध पदार्थासमोरून न चाखता पुढे जाण्याची ही सवय रसायनी, खोपोली, कर्जत, नेरळ या पट्ट्यातील जैन घरांना नवी नाही. आता मात्र ती सवय फार दूरच्या फलाटावर कसाला लागते आहे. घरातली तरुण पिढी युरोपच्या सहलीचा बेत आखते, तेव्हा त्यात उत्तर इटलीतील बोलोन्या शहराची ‘खाद्ययात्रा’ असते. वाटाड्याबरोबर तीन-चार तास पायी फिरायचे, जुन्या दुकानांत थांबायचे, पदार्थ कसा बनतो ते पाहायचे आणि चाखायचे, असे तिचे स्वरूप असते. घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : जेथे आपल्याला खाण्यासारखे काही नाही, तेथे पैसे मोजून कशाला जायचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ते शहर समजून घेतले पाहिजे.

व्यापाऱ्यांचे शहर

बोलोन्या ही एमिलिया-रोमान्या प्रांताची राजधानी. इटालियन लोक या शहराला तीन विशेषणे लावतात : विदुषी, पुष्ट आणि तांबडी. विदुषी, कारण येथील विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ ची मानली जाते. तांबडी, कारण घरांच्या विटांचा आणि छपरांचा रंग तसा आहे. पुष्ट, ती येथल्या खाण्यापिण्यामुळे. शहरातील कमानदार पडव्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. पावसाळ्यात आपल्याकडे दुकानाच्या पडवीत उभे राहावे, तसे तेथे मैलोन्‌मैल छताखालून चालता येते. २०२१ मध्ये युनेस्कोने या पडव्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

खाद्ययात्रा बहुधा सुरू होते ती ‘क्वाद्रिलातेरो’ या जुन्या बाजारपेठेत. माज्जोरे चौकाच्या पाठीमागे हा अरुंद गल्ल्यांचा पुंजका आहे. गल्ल्यांची नावे ऐकली की व्यापारी घरातील माणसाला आपल्याच गावात आल्यासारखे वाटावे. एक गल्ली सोनारांची, एक कापडवाल्यांची, एक कुलपे करणाऱ्यांची, एक जुन्या मासळीबाजाराची. मुंबईचा झवेरी बाजार आणि मंगळदास मार्केट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना धंद्यावरून वस्ती आणि वस्तीवरून पेढी ओळखण्याची ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

या भागाशी आपल्या व्यापाऱ्यांचा संबंध केवळ सहलीपुरता नाही. फरशी आणि टाइल्सचे ‘चेर्साये’ हे मोठे प्रदर्शन दर सप्टेंबरात बोलोन्यात भरते. सौंदर्यप्रसाधनांचे ‘कॉस्मोप्रोफ’ १९६७ पासून येथे भरत आले आहे. वेष्टनाची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांसाठी हा प्रदेश जगभर ओळखला जातो. कामासाठी गेलेला व्यापारी एक दिवस मोकळा काढतो आणि खाद्ययात्रेचा विचार तेथूनच सुरू होतो. चेर्साये भरते तेव्हा आपल्याकडे चातुर्मास चालू असतो, हेही विसरून चालत नाही.

आठ मिलिमीटरची नोंद

या यात्रेत पाहण्यासारखी पहिली वस्तू खाण्याची नाहीच. बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे ‘ताल्यातेल्ले’ या पट्टीच्या आकाराच्या पास्त्याचे अधिकृत माप नोंदवलेले आहे. शिजलेल्या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर असावी, असे १९७२ मध्ये ठरले. शहरातील आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असेही ते माप सांगितले जाते. पुढे तोर्तेल्लिनीचे सारण, मांसाचा रागू यांच्या कृतीही अशाच नोंदवल्या गेल्या. कृती जपण्याचे काम तेथे खाद्यपरंपरा जपणाऱ्या मंडळींनी सुरू केले आणि नोंद ठेवली व्यापाऱ्यांच्या संस्थेने. कारण उघड आहे. ज्या पदार्थाच्या नावावर शहराचा व्यापार चालतो, त्या पदार्थाचे माप पक्के असले पाहिजे.

इटलीच्या घरगुती स्वयंपाकाचे सर्वांत गाजलेले पुस्तक लिहिणारे पेल्लेग्रीनो आर्तुझी हे याच प्रांतातील फोर्लिम्पोपोलीचे. त्यांनी व्यापारात आयुष्य घालवले आणि व्यापारातून निवृत्त झाल्यावर, १८९१ मध्ये, ते पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले.

दुकानाच्या काचेआड पास्त्याची पोळी लाटणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्यांना ‘स्फोलीना’ म्हणतात. हातभराहून लांब लाटणे, लाकडी फळी आणि आरपार उजेड दिसावा इतकी पातळ पोळी. पापड लाटणाऱ्या हातांना ही कसब पाहून आनंदच होईल. पण त्या पिवळ्या पोळीचा रंग अंड्याचा असतो. बोलोन्याचा ताजा पास्ता परंपरेने मैदा आणि अंडी यांचाच. येथे पाहावे, नमस्कार करावा आणि पुढे जावे.

चीजच्या गोदामात

दुसऱ्या प्रकारची यात्रा पहाटे निघते आणि शहराबाहेरच्या दुग्धशाळेत जाते. ‘पार्मिज्यानो रेज्यानो’ हे चीज केवळ पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे जिल्हे आणि बोलोन्या व मांतुआ यांच्या ठरावीक भागातच बनवता येते. आदल्या संध्याकाळचे साय काढलेले दूध आणि सकाळचे ताजे दूध तांब्याच्या मोठ्या कढईत एकत्र करतात. एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि तयार चाकाचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. मिठाच्या पाण्यात काही दिवस ठेवल्यावर ते फळ्यांवर मांडतात. किमान बारा महिने, पुष्कळदा चोवीस महिने ते मुरत राहते. मग परीक्षक लहान हातोडीने ठोकून आवाजावरून पारख करतो. पोकळ आवाज आला तर चाकावरची ओळखीची खूण पुसली जाते.

व्यापारी कान टवकारतात ते पुढच्या माहितीने. वर्षभर माल विकता येत नाही, तर भांडवल कोठून आणायचे? या भागातील ‘क्रेदेम’ ही बँक १९५३ पासून चीजची चाके तारण घेऊन कर्ज देत आली आहे. बँकेच्या ताब्यातील गोदामांत ती चाके मुरतात; कर्जही फिटते आणि मालाची किंमतही वाढते. गोदामातील धान्याच्या पावतीवर उचल घेणाऱ्या आपल्या आडत्याला हा हिशेब सहज उमगेल.

याच दुग्धशाळांत आणि गोठ्यांत पंजाबातून आलेली अनेक कुटुंबे काम करतात. रेज्जो एमिलियाजवळच्या नोवेल्लारा गावात २००० मध्ये मोठा गुरुद्वारा उभा राहिला, तो या वस्तीमुळेच. कढईजवळ उभा असलेला माणूस पंजाबीत बोलला, तर प्रवाशाने आश्चर्य मानू नये.

आणि येथेच या यात्रेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायचा असतो : दूध कशाने फाडता? उत्तर स्पष्ट मिळते. वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने. नियमानुसार या चीजमध्ये दुसरे रेनेट चालतच नाही. म्हणजे ज्याला अनेक शाकाहारी प्रवासी ‘नुसते दुधाचे’ समजून खातात, ते अहिंसेच्या कसोटीवर शाकाहारी ठरत नाही. भारतात बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट असते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न सहसा मनात येत नाही. वेष्टनावर ‘दूध, मीठ, रेनेट’ एवढेच छापलेले असते. रेनेट कोणाचे, हे त्या एका शब्दातून कळत नाही. ते कढईजवळ उभे राहून विचारणाऱ्याला कळते.

बारा वर्षांचा सिरका

मोदेनाचा पारंपरिक बाल्सामिक सिरका ही यात्रेतील तिसरी थोर वस्तू. द्राक्षाचा रस आटवून घराच्या माळ्यावर लाकडी पिंपांच्या रांगेत ठेवतात. पिंपे मोठ्याकडून लहानाकडे, निरनिराळ्या लाकडांची. दरवर्षी थोडा रस पुढच्या पिंपात जातो. किमान बारा वर्षे आणि ‘एक्स्त्रावेक्यो’ म्हणवणाऱ्या प्रकाराला पंचवीस वर्षे लागतात. मुलगी जन्मली की नवी पिंपे मांडायची आणि लग्नात ती तिच्याबरोबर द्यायची, अशी चाल तेथे सांगितली जाते. सिरका आंबवूनच होतो, म्हणून अनेक जैन घरांत तो वर्ज्य ठरेल. पण ज्या मालाचा पैसा पुढच्या पिढीला मिळणार, त्यात आज हात घालणारी माणसे पाहणे हा व्यापारी घरातील मुलांसाठी एक धडाच आहे.

मग खायचे काय?

वडीलधाऱ्यांची शंका येथे परत येते. प्रामाणिकपणे सांगायचे तर बोलोन्याच्या कीर्तीचा मोठा भाग मांसावर उभा आहे. भाकरीसारख्या दिसणाऱ्या ‘पियादिना’ आणि ‘क्रेशेंतिना’ यांतही पुष्कळदा डुकराची चरबी असते. टोमॅटोच्या साध्या रश्श्याची सुरुवात बहुधा कांदा, गाजर आणि सेलरी परतून होते.

तरीही ताट रिकामे राहत नाही. सुका पास्ता रवाळ दुरुम गहू आणि पाणी एवढ्याचाच असतो. अंड्याचा असल्यास इटलीत तसे वेष्टनावर लिहावेच लागते. मक्याच्या पिठाची ‘पोलेंता’ आहे. ऑलिव्ह तेल, टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बॅसिल, अक्रोड, उन्हाळ्यात विन्योलाच्या चेरी आहेत. दूध-अंडे नसलेले, फळांचा रस, साखर आणि पाणी यांचे ‘सोर्बेत्तो’ आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्यावे.

विचारण्यासाठी काही शब्द पाठ असावेत. ‘सेन्झा’ म्हणजे विना. ‘सेन्झा उओवा’ अंड्याविना, ‘सेन्झा चिपोल्ला’ कांद्याविना, ‘सेन्झा आल्यो’ लसणाविना. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. ‘काल्यो’ म्हणजे रेनेट, आणि ‘काल्यो व्हेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य रेनेट. आपल्याकडील हिरव्या ठिपक्यासारखे सक्तीचे चिन्ह युरोपात नाही. तेथील कायद्याने चौदा ॲलर्जीकारक घटक कळवणे बंधनकारक आहे. त्यांत अंडे, दूध आणि सेलरी येतात. कांदा, लसूण आणि बटाटा येत नाहीत.

सूर्यास्ताचा हिशेबही निघण्यापूर्वीच करावा. जूनमध्ये बोलोन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. चोविहार पाळणाऱ्याला तेथील संध्याकाळचे जेवणही वेळेत घेता येते. डिसेंबरात तो साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि तेथील उपाहारगृहे रात्रीसाठी सात-साडेसातला उघडतात. हिवाळ्यात सकाळची यात्राच घ्यावी आणि दुपारचे जेवण हेच दिवसाचे शेवटचे मानावे.

समूहाच्या यात्रेत वाटाड्याला थांबे बदलता येत नाहीत. चार-सहा जणांनी मिळून स्वतंत्र वाटाड्या घेतला आणि आपले नियम आठवडाभर आधी लिहून कळवले, तर तो दुकाने त्याप्रमाणे निवडू शकतो. ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरत नाही. काय चालत नाही, याची यादी द्यावी. आणि डबा बरोबर असावाच. कर्जतला तो लाजेचा वाटला नाही, बोलोन्यात वाटण्याचे कारण नाही.

परतल्यावर

खाद्ययात्रेचा खरा माल चव नसून माहिती आहे. पदार्थ कोणी केला, कशापासून केला, किती काळ मुरवला, हे सांगण्यावरच त्या शहराने आपला व्यवसाय उभारला आहे. आणि ‘यात काय आहे?’ हा प्रश्न जैन घरांत रोज विचारला जातो. जो सर्व चाखून येतो, त्याच्या जिभेवर चव तासभर राहते. जो विचारून येतो, तो वाढलेल्यापैकी बरेच नाकारतो. पण का नाकारले, हे त्याला नेमके ठाऊक असते. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

रसायनी या गावाला नावच मुळी रसायनांच्या कारखान्यांनी दिले. पिंपावरचे घटक वाचल्याशिवाय माल न उचलण्याची शिस्त तेथे रोजची आहे. तीच नजर आपल्या स्वयंपाकघराकडेही वळायला हवी. चातुर्मासापूर्वी सुकवून ठेवायच्या भाज्या, आयंबिलाचे तेल-तुपाविना होणारे पदार्थ, कच्च्या केळ्याचा वडा, मुगाचे पापड, खाखऱ्याचे किती तरी प्रकार आज आजीच्या हातात आणि आठवणीत आहेत, पण पुष्कळ घरांत त्यांचे प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. बोलोन्याच्या व्यापाऱ्यांनी आठ मिलिमीटरची पट्टी नोंदवून ठेवली. मोहोपाडा, खोपोली किंवा कर्जतच्या बाजारपेठेतील एखाद्या घराने सुट्टीच्या दोन दुपारी आजीजवळ बसून जुन्या वहीत पीठ किती, मोहन किती, ऊन किती दिवसांचे, एवढे उतरवून घेतले, तर त्यासाठी तिकीट काढावे लागणार नाही.

पुढच्या वेळी कर्जतला गाडी थांबेल, डबा उघडेल आणि समोरच्या बाकावरचा प्रवासी विचारेल, “हे काय आहे? कसे करतात?” तेव्हा घरातील सर्वांत लहान मुलालाही त्याचे नेमके उत्तर देता यावे.