दुरुस्त्यांसह विंडोजची बूटेबल सीडी

संगणक मंदावला किंवा व्हायरसने ग्रासला, की 'फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाका' हा सल्ला हमखास मिळतो. कपाटातील मूळ सीडी बाहेर निघते आणि तासाभरात संगणक नव्यासारखा दिसू लागतो. ही नवलाई मात्र फसवी असते. सीडी ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवसाइतकेच त्यातील विंडोज जुने असते. त्यानंतर आढळलेल्या त्रुटी आणि त्यांवरील दुरुस्त्या यांचा त्या सीडीला पत्ताच नसतो.

याचा फटका २००३ साली जगभर बसला. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली होती. तिच्यातील एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी प्रसिद्ध केली आणि ११ ऑगस्टला त्याच त्रुटीतून शिरणारा 'ब्लास्टर' पसरू लागला. कोणतीही फाइल उघडण्याची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. जुन्या सीडीवरून नव्याने एक्सपी टाकणाऱ्यांची तर पंचाईत झाली. दुरुस्ती उतरवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेट जोडताच, दुरुस्ती पूर्ण उतरण्याआधीच, संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होई. मूळ एक्सपीतील फायरवॉल आपोआप चालू होत नसे. ती सोय ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ ने आणली.

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे दुरुस्त्या थेट सीडीतच मिसळणे. यालाच 'स्लिपस्ट्रीमिंग' म्हणतात. त्यामुळे संगणकावर पहिल्याच क्षणी दुरुस्त विंडोज येते.

एक्सपीसाठी याची रीत सोपी होती. प्रथम मूळ सीडीतील सर्व फाइल हार्डडिस्कवरील एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या. नंतर सर्व्हिस पॅकची संपूर्ण फाइल मिळवायची. तिची भाषा सीडीच्या भाषेशी जुळणे आवश्यक असे. ही फाइल 'इंटिग्रेट' या पर्यायासह, फोल्डरचा पत्ता देऊन चालवली, की फोल्डरमधील जुन्या फाइलच्या जागी नव्या फाइल बसत. चालू संगणकावरील विंडोजला यात धक्का लागत नसे. परवाना क्रमांकही मूळ सीडीचाच लागे.

खरी गफलत पुढच्या टप्प्यावर होई. तयार फोल्डर तसाच सीडीवर उतरवला, तर फाइल दिसतात, पण संगणक त्या सीडीवरून सुरू होत नाही. कारण सीडीवरून संगणक सुरू करणारा छोटा भाग, म्हणजे बूट सेक्टर, फाइलच्या यादीत दिसतच नाही. साहजिकच फाइल कॉपी करताना तो मागे राहतो. मूळ सीडीतून तो स्वतंत्र सॉफ्टवेअरने काढून घ्यावा लागे; त्याचा आकार जेमतेम २ किलोबाइट असतो. नंतर सीडी लिहिताना 'बूटेबल' हा प्रकार निवडायचा, ही बूट फाइल दाखवायची, 'नो इम्युलेशन' हा पर्याय ठेवायचा आणि सेक्टरची संख्या ४ द्यायची. 'एनलाइट' या मोफत सॉफ्टवेअरने ही सारी कामे एकाच जागी करता येत.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. एखाद्या जुन्या यंत्रासाठी एक्सपी लागलीच, तर अशा सीडीवरून टाकलेला संगणकही इंटरनेटपासून दूरच ठेवावा.

रीत बदलली, तरी तत्त्व आजही तेच आहे. व्हिस्टापासून विंडोजच्या सुट्या फाइलऐवजी संपूर्ण प्रणालीची एकच प्रतिमा डिस्कवर येऊ लागली. विंडोज ७ पासून 'डिझम' ही आज्ञा विंडोजसोबतच मिळते. तिने प्रतिमा एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायची, दुरुस्तीचे पॅकेज जोडायचे आणि बदल जतन करून ती बंद करायची. सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यास त्यावर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. दुरुस्त्यांमुळे प्रतिमा फुगली, तर 'डिझम'नेच तिचे तुकडे पाडता येतात. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत मात्र दुरुस्त्यांसह नव्या प्रतिमा ठरावीक काळाने तयारच मिळतात.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. मूळ प्रतिमा आणि दुरुस्त्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्याव्यात. मित्राकडून आलेल्या 'तयार' डिस्कमध्ये आणखी काय मिसळले आहे, हे कळायला मार्ग नसतो. आणि तयार केलेली डिस्क आधी आभासी संगणकावर किंवा रिकाम्या हार्डडिस्कवर चालवून पाहावी. ती सुरू होत नाही, हे फॉरमॅट मारल्यानंतर कळले, तर फार उशीर झालेला असतो.