फीमाफीचा कागद

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीपुढे ही लांबलचक रांग लागली होती, आणि मी प्राध्यापकांच्या खोलीत बसून वेळापत्रकाशी झुंजत होते. इतक्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. माण तालुक्यातून आलेली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. हातात एका कागदाची बारीक घडी होती. ती घडी तिने इतकी घट्ट धरली होती की, मला वाटले, हिने घरून आलेले पत्रच मुठीत धरले आहे.

“मॅडम, हा कागद तुम्ही कचेरीत द्याल का?” तिने विचारले.

तो तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला होता. सोबत फीच्या सवलतीचा अर्ज. मी म्हटले, “अगं, हे तुझं तूच द्यायला हवं. सही तुझी लागेल तिथे.” त्यावर ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “वर्गातल्या मुली आहेत रांगेत.”

एवढ्या तीन-चार शब्दांत तिचे सगळे दुखणे मला कळले. मी तिला समोरच्या खुर्चीवर बसवले आणि वेळापत्रक बाजूला सारून एक हकिगत सांगितली. तीच आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवते आहे.

देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. तिथे आजोळी १२ मार्च १९१३ रोजी एक मुलगा जन्मला. वडील कऱ्हाडच्या कोर्टात बेलिफ. बेलिफाची नोकरी म्हणजे समन्सांचे कागद घेऊन गावोगाव हिंडायचे. पगार बेताचा, खाणारी तोंडे अनेक. त्यातही संसार कसाबसा चालला असता. पण मुलगा चार-पाच वर्षांचा असेल-नसेल तोच प्लेगने वडिलांचा घास घेतला. आई विठाबाई अक्षरशत्रू. पदरी लहान मुले, जवळ जमीनजुमला म्हणावा असा काही नाही.

अशा घरात पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो. थोरला मुलगा शाळा सोडतो आणि कामाला लागतो. इथेही तसेच झाले. थोरल्या ज्ञानोबांना वडिलांच्याच कचेरीत नोकरी धरावी लागली. मधल्या गणपतरावांनीही आपले शिक्षण आवरते घेतले. दोघे थांबले तेव्हा कुठे धाकट्याला पुढे जाता आले. हा धाकटा म्हणजे यशवंतराव चव्हाण.

त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. गरिबीतून वर आलेल्या माणसांच्या कथा आपण मोठ्या हौसेने वाचतो. तो दिव्याखाली अभ्यास करी, तो अनवाणी शाळेत जाई, वगैरे. पण त्याच्या शेजारी बसून ज्याने पाटी खाली ठेवली, त्याची कथा कोणी लिहीत नाही. यशवंतरावांनी मात्र आपल्या भावांचे आणि आईचे ऋण ‘कृष्णाकाठ’मध्ये मनापासून नोंदवून ठेवले आहे.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेला. १९२९ साली तुरुंगात उपोषण करून जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडले, त्या बातमीने तो हादरून गेला होता. १९३२ साली त्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. माफी मागितली तर सुटका होईल असे एका हितचिंतकाने सुचवले, तेव्हा विठाबाईंनी ते साफ नाकारले. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, जिची सारी आशा या एका मुलाच्या शिकण्यावर होती, तिने मुलाला सांगितले की माफी मागायची नाही. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारखे गुरू भेटले. बराकीत पुस्तके वाचली जात, वाद झडत. शाळेची दोन वर्षे बुडाली खरी, पण तिथे जी शाळा भरली ती हायस्कुलात भरली नसती.

१९३४ साली तो मॅट्रिक झाला. वय एकवीस! आजच्या हिशेबाने या वयात मुले पदवी घेऊन मोकळी होतात. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी.ए., आणि पुण्यातून १९४१ साली एलएल.बी. आता वकिली करावी, घराला हातभार लावावा, भावांच्या खांद्यावरचे ओझे थोडे उतरवावे. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी लग्न झाले. आणि दोन महिन्यांत ‘चले जाव’चा वणवा पेटला. नवरा भूमिगत झाला. नव्या नवरीला वर्ष पुरे व्हायच्या आत तुरुंग पाहावा लागला. फलटणला आजारी पत्नीला भेटायला गेले असताना यशवंतरावही पकडले गेले.

१९४६ साली ते सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. वय तेहतीस. गृहखात्याचे संसदीय सचिवपद त्यांना मिळाले. घरातल्या अडचणी पाहता मुंबईला जावे की न जावे, अशी त्यांची घालमेल झाली होती; घरच्यांनीच त्यांना पाठवले.

इथपर्यंत हकिगत आली आणि मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे गरिबीतून माणूस मोठा होतो ना?”

मी म्हटले, “छे! गरिबीतून माणूस बहुधा गरीबच राहतो. एखादा निसटतो. आणि निसटलेल्यांपैकी पुष्कळांना मागे वळून पाहायलाही नको वाटते.”

वाचकहो, हे मी काही कडवटपणाने म्हणत नाही. आपल्याच ओळखीत अशी माणसे असतात. हालात दिवस काढलेले साहेब हाताखालच्या शिपायाला अधिक टाकून बोलतात. “आम्ही नाही का शिकलो रॉकेलच्या चिमणीवर?” हे वाक्य तर कितीतरी घरांत दुसऱ्याला मदत नाकारण्यासाठीच वापरले जाते. सोसलेले आठवणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून काही करणे वेगळे. सार्वजनिक जीवनातल्या माणसाची परीक्षा होते ती या दुसऱ्या ठिकाणी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. ते दिवस त्यांच्या कौतुकाचे नव्हते. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या होत्या आणि हे पक्षाची शिस्त धरून द्वैभाषिकाचा कारभार हाकत होते. मराठी माणसाचा त्यांच्यावरचा राग खरा होता आणि त्याला कारणही होते. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द कऱ्हाडात ते थोडक्या मतांनी तरले.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, खटाव तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. त्यांनी त्या निवडणुकीत समितीला मत दिले होते आणि शेवटपर्यंत ते अभिमानाने सांगत. यशवंतरावांचे नाव निघाले की ते मिशीवर हात फिरवून गप्प बसत.

माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. सातवी पास झाले तशी घरात चर्चा सुरू झाली. हायस्कूल दोन कोसांवर. चालत जाता येईल, भाकरी बांधून नेता येईल, पण फीचे काय? आबांनी सांगून टाकले, “पोरगं हुशार हाय खरं. पर त्याची फी भरून आमी काय पोटाला बिबं घालावं?” त्यांचेही चुकले नव्हते. घरात वडिलांच्या पाठीवर आणखी तिघे होते.

आणि नेमकी त्याच सुमारास ‘ई.बी.सी.’ची सवलत आली. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी असलेली ही योजना यशवंतरावांच्या सरकारने १९५९ साली सुरू केली. ज्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न नऊशे रुपयांच्या आत, त्याला फी माफ. पुढे ही मर्यादा बाराशे रुपयांवर नेण्यात आली. यात जात विचारायची नव्हती, फक्त उत्पन्न विचारायचे होते. तिजोरीवर बोजा पडणार होता आणि तो दरवर्षी वाढणार होता, कारण एक पोर शाळेत टिकले की त्याच्या मागून दुसरे येते. हा बोजा पत्करायचे त्या सरकारने ठरवले.

आबा तलाठ्याकडे गेले, दाखला आणला, आणि वडील आठवीत बसले. दाखला दरवर्षी नव्याने आणावा लागे. म्हणून वडिलांनी पहिल्या वर्षीच त्याची नक्कल वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली, पुढच्या खेपेला मजकुरासाठी तलाठ्याची मनधरणी करायला नको! ते पान आजही त्यांच्या ट्रंकेत आहे. त्या पानाच्या जोरावर ते अकरावी झाले, मग कऱ्हाडला महाविद्यालयात गेले, पदवी घेऊन शिक्षक झाले. निकालाचे पेढे वाटताना आबा म्हणाले होते, “मत त्याला दिलं न्हाई, तरीबी पोराची फी त्यानंच भरली.” समितीच्या माणसाने केलेली एवढी स्तुती यशवंतरावांच्या कानावर गेली असती तर ते खूष झाले असते.

फी माफ झाली म्हणजे सगळे सुटले असे नाही, हेही सांगितले पाहिजे. फीखेरीज पुस्तके असतात, कपडे असतात, शहरात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च असतो. माझी आत्या वडिलांहून हुशार होती असे घरात सगळेच म्हणतात. सवलत तिलाही मिळाली असती, पण तिच्यासाठी दाखला आणायला तलाठ्याकडे कोणी गेलेच नाही. सरकारने दार उघडले तरी उंबऱ्याच्या आत अडवणारे आपणच असतो. ज्ञानोबा आणि गणपतरावांप्रमाणे तीही थांबली, आणि तिची कथाही कोणी लिहिली नाही.

‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. आत्मचरित्राचे पुढचे भाग लिहायचे त्यांच्या मनात होते, ते राहूनच गेले. हाती आहे त्या पुस्तकातली कहाणी १९४६ साली, ते मुंबईला निघतात तिथे थांबते. मराठीची शिक्षक म्हणून मला याची नेहमी हळहळ वाटे. आमदार म्हणून, मंत्री म्हणून, मुख्यमंत्री म्हणून त्यांनी काय केले, ते त्यांच्या शब्दांत वाचायला मिळाले असते तर! पण वडिलांच्या ट्रंकेतले ते पिवळे पान पाहिले की वाटते, त्या पुढच्या भागातली काही पाने अशीच घरोघरी जपून ठेवलेली असणार.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी कऱ्हाडला गेले होते. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे. गावात वेणूताईंचे स्मारक आहे आणि तिथे यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह ठेवलेला आहे. वडील कपाटांपुढून सावकाश फिरले. एके ठिकाणी थांबून म्हणाले, “ह्या माणसाला फीची काळजी ठाऊक होती.” बाकी काही बोलले नाहीत.

हे सगळे ऐकून झाल्यावर त्या मुलीने मला विचारले, “मॅडम, तुमच्या वडिलांना लाज नाही वाटली का हो, तो कागद द्यायला?”

मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. मी तिच्यासमोरच वडिलांना फोन लावला. प्रश्न ऐकून ते हसले. “वाटली ना! पहिल्या दिवशी मी वर्गाबाहेरच उभा राहिलो होतो. मग हेडमास्तरांनी नावं पुकारली, तर निम्मा वर्ग उठून आला. मग कसली लाज?”

मुलीने कागदाची घडी उलगडली, टेबलावर ठेवून हाताने सारखी केली, आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून पाहत होते. तिच्या पुढच्या मुलीने मागे वळून तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिले, आणि मग आपल्या पिशवीतून तसाच एक कागद बाहेर काढला.