गिऱ्हाईक बोलतं एक, मागतं दुसरंच

परवाच्या व्हिडिओत उधारीबद्दल बोललो, त्यात एक गोष्ट राहून गेली.

दुकान नवीन होतं तेव्हाची. एक काका दर महिन्याचा किराणा माझ्याकडूनच न्यायचे, तोही रोखीनं. आपल्या वसमत-हिंगोलीकडं हळद विकली की घरात पैसा येतो, हे तुम्हाला सांगायला नको. एकदा यादी हातात धरूनच ते म्हणाले, "भाऊ, हळद आडतीवर गेली, पण पट्टी काही हातात आली नाही अजून."

मी वजन करता करता म्हणालो, "हो ना काका, यंदा सगळ्यांचंच तसं चाललंय."

काका जरा थांबले. चहापत्ती अन् साखर एवढंच घेऊन गेले. पुढच्या महिन्यापासून त्यांचा किराणा दुसऱ्या दुकानातून जायला लागला.

मला वाटलं, भाव जास्त लागला असेल. ट्यूब फार उशिरा पेटली. त्यांनी उधार मागितलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. दोघांच्याही तोंडात ना 'उधार' आलं, ना 'नाही'.

भाषेच्या अभ्यासात या विषयाला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात: कोण, कुणाला, कुठं, कधी बोलतंय यावरून निघणारा अर्थ. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाचा १९७५ साली छापलेला लेख यावर प्रसिद्ध आहे. समोरचा मुद्द्याचंच बोलतोय असं आपण धरून चालतो. बोलणं विषय सोडून वाटलं, की त्यामागचा हेतू शोधतो. किराण्याची यादी धरून माणूस उगाच पट्टीचं कशाला काढेल? मी तो शोध घेतलाच नाही.

तसे आपण यात पक्के आहोत. रात्री दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो'. निघताना 'येतो' म्हणतो. "बघून येतो" म्हणणारं गिऱ्हाईक बहुतेक येत नाही, अन् "शेवटचं सांगा" म्हणणारं बहुतेक घ्यायलाच आलेलं असतं. तिथं भाव पाडायची घाई करू नका!

उधार द्यायचं का, हा हिशोब वेगळा. पण आता कुणी पट्टीचं काढलं की मी आधी काटा थांबवतो. जमत असेल तर, "काका, सामान न्या, पट्टी आली की बघू," आणि वहीत तारीख टाकतो. जमत नसेल तर बाजूला घेऊन, "मलाही होलसेलवाल्याचं देणं आहे, निम्मं आज करू का?" चारचौघांत कधीच नाही.

ते काका मागच्या दिवाळीला आले. यादी काउंटरवर ठेवत म्हणाले, "पट्टी आली बरं का."

मी साखर मोजायला घेतली.