खापर आणि केकचा साचा

मी मणिबेलीला केकचे साचे घेऊन गेले होते, असं सांगितलं की लोक हसतात. मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराचं पाणी १९९३ साली महाराष्ट्रात पहिल्यांदा ज्या गावात शिरलं, ते हे. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. काठावरची घरं गेली आणि उरलेली वस्ती वर टेकड्यांवर सरकली. माझी भाची तिथल्या मुलांना शिकवायला जात असे. एका सुट्टीत तिने हट्टच धरला, ''मावशी, पोरांनी केक फक्त चित्रात पाहिलाय. एकदा खाऊ घाल ना.''

बोटीचा प्रवास, पुढे चढण. जड भांडी कोण वाहणार? म्हणून मी सिलिकॉनचे वाटीएवढे साचे घेतले. रबरासारखे मऊ, दुमडून पिशवीत बसतात, पडले तरी फुटत नाहीत.

ओव्हन अर्थातच नव्हता. आपण घरी कुकरमध्ये मीठ घालून करतो, तसंच केलं. मोठं पातेलं, तळाला वाळू, वर झाकण आणि खाली चुलीचा चांगला जाळ. घाईत मधली ताटली ठेवायची राहिली आणि साचे थेट वाळूवर बसले. दहा मिनिटांत वेगळाच वास सुटला. झाकण काढलं तर साच्यांचे तळ तपकिरी आणि कडक झालेले, वाकवले की तडकत होते. वर पीठ मात्र कच्चंच. पोरं ओळीत बसून वाट पाहत होती आणि मला ते सगळं फेकून द्यावं लागलं. केवढी शरम वाटली!

घरची बाई काही बोलली नाही. चुलीतली लाकडं तिने बाहेर ओढली, नुसते निखारे ठेवले. मग फुटक्या खापराचा, म्हणजे भाकरीच्या मातीच्या तव्याचा, एक मोठा तुकडा आणून वाळूवर मांडला. उरलेले साचे त्यावर ठेवून, नवं पीठ भिजवून मी पुन्हा सुरुवात केली. तासाभराने केक झाले. वाट्याला अर्धा-अर्धाच आला, पण आला.

चूक कुठे झाली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कुकरमध्ये पाणी असतं तोवर आतली उष्णता साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही. पाणीच तिला लगाम घालतं. कोरड्या वाळूला किंवा मिठाला असा लगाम नाही. मोठ्या जाळावर पातेल्याचा तळ ३०० अंश सहज ओलांडतो. सिलिकॉनच्या बहुतेक साच्यांची मर्यादा २२० ते २३० अंश असते, ती वेष्टनावर छापलेली असते आणि आपण ती वाचत नाही. म्हणून गॅसवर वा चुलीवर केक करताना साच्याखाली जाळीचं स्टँड हवंच, आच मंद हवी आणि साचा भांड्याच्या बाजूला चिकटता कामा नये.

गंमत म्हणजे खापर आणि हा साचा एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत. मातीत मुख्यत्वे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडणी असते. साच्यातही तीच साखळी असते, फक्त तिच्या अंगाला कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट लटकलेले असतात. त्यांच्यामुळे तो मऊ राहतो आणि पीठ त्याला सहसा चिकटत नाही. शास्त्रात या पदार्थाला सिलिकोन म्हणतात आणि संगणकाच्या चिपमधल्या मूलद्रव्याला सिलिकॉन, पण बाजारात दोन्ही सिलिकॉनच.

नातं असलं तरी निगा मात्र उलटी. तापल्या खापरावर गार पाणी पडलं की त्याला तडा जातो. साचा फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये गेला तरी सहसा कुरकुर करत नाही. खापराला जाळ चालतो, साच्याला ज्योत अजिबात चालत नाही. आणि खापर तेल पिऊन पिऊन सुधारतं, खानदेशात मांडे करणाऱ्या बायका जुनं खापर जिवापाड जपतात. साच्यावर मात्र तेलाचा थर राहिला की तो पुढच्या भाजणीत चिकट डिंकासारखा होतो. 'साचा खराब निघाला' अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. कढत पाण्यात साबण घालून साचा अर्धा तास बुडवून ठेवावा, मग खाण्याच्या सोड्याची पातळ लापशी लावून मऊ कापडाने चोळावा. तारेची घासणी आणि सुरी दोन्ही लांब ठेवावीत. पांढरट पापुद्रा दिसला तर तो बहुधा बोअरच्या जड पाण्याचा असतो, तो व्हिनेगरने जातो. हळदीचा डाग आणि लसणाचा वास मात्र साचा धरून ठेवतो. ढोकळ्याचा साचा वेगळा आणि केकचा वेगळा, एवढी चैन परवडत असेल तर करावी.

पीठ ओतण्याआधी साचा पत्र्याच्या ताटावर ठेवावा. भरलेला साचा नुसता उचलला की मध्ये वाकतो आणि पीठ जमिनीवर. त्यातून उष्णता हळू जाते, म्हणून केक खालून पत्र्याच्या भांड्यातल्यासारखा खरपूस होत नाही. ती चूक आपली नव्हे. केक पुरता निवल्यावरच साचा उलटा करून सोलावा.

आता आरोग्याचं. चांगला साचा कारखान्यातच बराच वेळ तापवून घेतात, म्हणजे त्यातले उडून जाणारे अंश आधीच निघून जातात. जर्मनीतल्या शिफारशीनुसार साचा २०० अंशांवर ४ तास ठेवला तर त्यातून अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अंश उडता कामा नये. स्वस्त मालात ही तापवणी चुकवली जाऊ शकते. यातले काही अंश निसर्गात फार काळ टिकतात, म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली ते विशेष चिंतेच्या रसायनांच्या यादीत घातले. तुपा-लोण्याच्या पदार्थात हे अंश जास्त उतरतात, हेही लक्षात असू द्या. साचा पिळून पांढरी रेघ उमटली तर भेसळ, असं सांगतात, पण त्या परीक्षेवर माझा भरवसा नाही. माझी परीक्षा नाकाची. नवा साचा धुऊन मी खिडक्या उघडून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर रिकामाच भाजते. नंतरही उग्र वास येत राहिला तर तो खाण्यासाठी वापरत नाही. कडक झालेला, तडकलेला किंवा धुऊनही चिकट राहणारा साचा टाकून द्यावा, त्यात जीव अडकवू नये.

मणिबेलीहून निघताना त्या बाईने खापराचा तो तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. घरी गॅसवर केक करते, तेव्हा मिठाच्या थरावर अजून तोच असतो.